साळवेबाईंचा गुडघा आणि चांदबिबीचा डोंगर

मी मॉरिशसची. आडनाव बाबाजी. हे आडनाव नगरमध्ये कुणालाच पटायचं नाही. "अगं, बाबाजी हे नाव झालं. आडनाव सांग," असं मला किराणा दुकानदारापासून कॉलेजच्या कारकुनापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. आमचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून बोटीने ऊस तोडायला गेले, तेव्हा बंदरावरच्या साहेबाने त्यांचं नावच आडनावाच्या जागी लिहून घेतलं. खरं आडनाव काय होतं ते आता कुणालाच माहीत नाही. इतक्या पिढ्यांनी मी उलट्या दिशेने आले, तीही नगरला आयुर्वेद शिकायला, आणि चांगली साडेपाच वर्षं राहिले.

परत आल्यापासून इथे लोक विचारतात, भारतात काय काय पाहिलंस? त्यांना ताजमहालाबद्दल ऐकायचं असतं. मी ताजमहाल पाहिलेला नाही. एक डोंगर पाहिला, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. बाबा म्हणाले, "मग नीट लिही तरी." बाबा इथल्या शाळेत मराठी शिकवतात, त्यांना कुणी काही लिहिलं की आनंद होतो. म्हणून हे लिहिते आहे.

नगरच्या पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण तोंडात अजून नगरच बसलेलं आहे. शहराच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्यावर, एक डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर आठ बाजूंची उंच दगडी इमारत. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ती खरं तर निजामशाहीतल्या एका सरदाराची कबर आहे, चांदबिबीचा तिथे काही संबंध नाही, हे प्रत्येक नगरकर तुम्हाला समजावून सांगतो आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा महाल म्हणतो.

आमच्या पोर्ट लुईच्या डोक्यावरही एक डोंगर आहे. त्याचा सुळका वर केलेल्या अंगठ्यासारखा दिसतो, म्हणून क्रिओलमध्ये त्याला 'ल पूस', म्हणजे अंगठा, म्हणतात. शहरात कुठेही वाट चुकलात तरी मान वर करून अंगठा शोधायचा. नगरला आले त्या पहिल्या वर्षी घरची आठवण आली की मी होस्टेलच्या गच्चीवर जाऊन त्या दगडी महालाकडे बघत बसायची. डोंगर तो डोंगर. पण तिथे गेले मात्र कधीच नाही. आज परीक्षा, उद्या ओपीडी, मग ऊन, मग पाऊस. डोळ्यांसमोर रोज दिसणाऱ्या जागी माणूस शेवटीच जातो.

मला तिथे घेऊन गेल्या साळवेबाई. तिसऱ्या वर्षापासून मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. बाईंचं माहेर प्रवरेकाठच्या कोल्हारचं. सगळी नोकरी नगरमध्ये मुलींच्या प्राथमिक शाळेत झाली. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा सॅमी न्यूझीलंडला. बाईंचा उजवा गुडघा दुखायचा. माझं इंटर्नशिपचं वर्ष सुरू झालं तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्याला कोमट तेल लावून शेक देत असे, आणि त्या बदल्यात रात्रीचं जेवण त्यांच्याकडे, असा आमचा न बोलता ठरलेला व्यवहार होता.

नाताळ होऊन काही दिवस झाले होते. डब्यात अजून करंज्या आणि चकल्या शिल्लक होत्या. नगरच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला दिवाळीसारखाच फराळ होतो, हे मला नगरला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. तेल लावता लावता बाई म्हणाल्या, "रविवारी उपासना झाली की चांदबिबीला जाऊ."

"चला की. माझी स्कूटी आहे."

"स्कूटी पायथ्यापर्यंत. पुढं चालत."

"बाई, वरपर्यंत गाडीरस्ता आहे."

"माहितीय मला. दरवर्षी चौथीच्या मुली घेऊन जायचे मी. पायवाटेनं."

"आणि गुडघा?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि पाय आखडून घेतला. विषय संपला.

भिंगारच्या पुढे

रविवारी बाई चर्चमधून बाहेर आल्या त्या पांढरी साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट अशा वेशात. बायका बघत होत्या. बाई कुणाला काही न सांगता माझ्या मागे एका बाजूला पाय टाकून बसल्या, मांडीवर डबा आणि पाण्याची बाटली असलेली पिशवी घेऊन.

भिंगार ओलांडलं आणि आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर माणसाच्या दुप्पट उंच ऊस. समोरून गाड्या येत होत्या, त्यामुळे पुढे जाता येईना. लहानपणी आम्हीही उसाच्या लॉरीमागे सायकली दामटून ऊस ओढायचो आणि ड्रायव्हर क्रिओलमध्ये शिव्या द्यायचा. हे मी मोठ्याने बाईंना सांगितलं.

"मग आता काय बघत बसलीस? जवळ घे गाडी."

मला वाटलं थट्टा आहे. पण मी जरा पुढे सरकले तेवढ्यात बाईंनी हात लांब करून लोंबणारा एक ऊस धरला आणि ओढला. तो अर्धा आला आणि अडकला. स्कूटी लटपटली. मी किंचाळले. ट्रॅक्टरवाल्याने आरशात पाहिलं, गाडी हळू केली आणि मागे तोंड करून म्हणाला, "आजी, पडशीला की. थांबा, देतो काढून." त्याने खाली उतरून दोन चांगले जाड ऊस निवडून दिले. बाईंनी त्याला डब्यातल्या दोन करंज्या दिल्या. मागे वाहनांची रांग लागली होती, पण कुणी फारसं काही बोललं नाही. पुढे डोंगरापर्यंत बाई हातात दोन ऊस भाल्यासारखे धरून बसल्या होत्या.

पायथ्याशी

पायथ्याला रस्त्याकडेच्या एका शेतात घर होतं आणि दारात कडुनिंब. स्कूटी सावलीत लावू का, असं विचारायला आम्ही गेलो. घरातून गयाबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या असतील. डोक्यावर पदर, हातात खुरपं. गाडी लावायला त्यांची काही हरकत नव्हती. हरकत होती ती आमच्या चालण्याला.

"सडक हाय की वरपर्यंत. गाडी जाती. चालत कशापायी?"

"पायवाटेनं जायचंय. जुनी वाट आहे ना अजून?" बाईंनी विचारलं.

"वाट व्हती. आता फॉरेस्टवाल्यांनी चर खांदलेत, झाडं लावलीत. आमच्या शेळ्या जात्यात, मानसं न्हाई जात." मग माझ्याकडे बघून, "ही पोरगी कुनाची? नात का?"

"मॉरिशसची आहे. तिकडून शिकायला आलीय."

पहिल्या वर्षापासून मला या प्रश्नाच्या पुढची वाक्यं पाठ होती. ते कुठं आलं, तिकडे मराठी कसं काय, तुम्ही कोण, म्हणजे तुमच्यात कोण. गयाबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही.

"तिकडं पानी हाय का शेताला?"

"आहे. पाऊस पुष्कळ. आमच्याकडेही ऊसच असतो, जिकडे बघावं तिकडे."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि समाधानाने मान हलवली. "जावा. पन माकडांना डबा दाखवू नका."

चरांमध्ये

पहिला टप्पा सोपा होता. वाळलेलं पिवळं गवत, मधून मधून बोरीची झाडं. बोरं आंबटगोड आणि बारीक. ल पूसच्या चढावर आमच्याकडे तांबडे, बोराएवढेच जंगली पेरू लागतात आणि चढणारा प्रत्येक माणूस तोंडात पेरू आणि खिशात पेरू असाच वर जातो. इथे बोरं. ती तोडायला गेले आणि हातभर काटे ओढून घेतले. आमच्या पेरूला काटे नसतात. बाई म्हणाल्या, "फुकटच्या पेरूला चव नसेल मग." त्या अगदी हळू, पण न थांबता चालत होत्या. उसाची काठी केली होती.

दुसऱ्या टप्प्यावर वाट संपली. गयाबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. डोंगराच्या कुशीला आडवे चर खणलेले, एकावर एक, आणि चरांच्या कडेने लावलेली झाडं आता डोक्याच्या वर गेलेली. बाई थांबल्या. "इथं एक मोठा खडक होता. त्याच्या डावीकडून वाट जायची. मुली तिथं पाणी प्यायच्या." खडक कुठेच दिसेना. आम्ही डावीकडे गेलो, मग उजवीकडे. महाल झाडांमागे गेला होता. आपण कुठे आहोत हे मला कळेना, आणि बाईंनाही कळत नव्हतं, पण त्या ते कबूल करत नव्हत्या.

तिसरा चर ओलांडताना त्यांचा पाय घसरला. फार काही लागलं नाही. त्या चराच्या मातीत बसल्यासारख्या झाल्या, साडीचा काठ बाभळीला अडकून फाटला. पण उठायला गेल्या आणि चेहरा पिळवटला. मी चरात उतरले, गुडघ्यावर हात ठेवून पाहिलं. सूज नव्हती. मुरगळलाही नव्हता. दमला होता.

"बाई, परत जाऊ. खाली उतरणं सोपं आहे. सडकेने स्कूटीवर जाऊ वर, महाल बघू आणि येऊ."

"नाही."

"पण का? काय अडलंय?"

बाईंनी चराच्या काठाला पाठ टेकली आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "सॅमी बोलावतोय. कायमचं. त्याचं घर वेलिंग्टनला आहे, टेकडीवर. रस्त्यापासून दारापर्यंत नुसत्या पायऱ्या. दुकान खाली, चर्च खाली, बसचा थांबा खाली. तो म्हणतो, आई, तुला जमेल का ते तूच सांग, मी जबरदस्ती करणार नाही. नाताळाच्या आधीपासून विचारतोय. मी म्हटलं, सांगते. आता आज सांगायचंय." त्यांनी वर झाडांकडे पाहिलं. "हा डोंगर चढले तर जाईन. नाही चढले तर नाही म्हणेन. सरळ हिशोब."

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार हाच आला की इथूनच परत फिरलो तर बाई नगरलाच राहतील. मी जूनमध्ये निघणार होते. तरीसुद्धा नगर म्हटलं की साळवेबाई तिथे असायला हव्यात, वरच्या खोलीच्या खाली, रेडिओ लावून, असं मला वाटत होतं. मला फक्त त्यांचा हात धरून त्यांना खालच्या दिशेने वळवायचं होतं.

"तुला कसं वाटलं गं, आलीस तेव्हा?" बाईंनी विचारलं. "खरं सांग. गोड बोलू नको."

मग मी खरं सांगितलं. पहिलं वर्ष वाईट गेलं. घरात मराठी बोलत वाढलेली मी, वाटलं होतं विमानातून उतरले की आपल्याच माणसांत जाणार. पण माझ्या मराठीला लोक हसायचे. माझे शब्द जुने, हेल वेगळा. रिक्षावाला माझ्याशी हिंदीत बोलायचा, मी मराठीत उत्तर द्यायची, तो पुन्हा हिंदीत बोलायचा. वर्गातल्या मुली चांगल्या होत्या, पण पाहुणीशी वागतात तशा. सगळे माझ्याशी अति चांगलं वागायचे आणि रात्री मी रडायची.

"मग?"

"मग एक दिवस मंडईत भाजीवालीनं मला रागावलं. मी मेथीची जुडी उचलली, तर म्हणाली, ती नको घेऊ, डोळे फुटले का तुझे, पानं पिवळी झालीत, एवढं पण कळत न्हाई व्हय. मला इतका आनंद झाला. पाहुणीला कुणी असं बोलत नाही."

बाई हसल्या. मग हसू थांबलं. "मला तिकडं कोण रागवणार?"

मी म्हटलं, "सूनबाई?"

"ती फार गरीब आहे. ती नाही रागवायची."

"मग नात रागवेल. ती सहा वर्षांची आहे ना? सहा वर्षांच्या मुली सगळ्यांनाच रागावतात."

बाईंनी साडीला लागलेली माती झटकली. मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, परत जायचं. मी हात धरून त्यांना उभं केलं, आणि त्या वरच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या.

"शेळ्या जातात म्हणाली ना ती? मग लेंड्या शोध."

त्या दिवशी दोन शिकलेल्या बाया शेळ्यांच्या लेंड्या शोधत डोंगर चढल्या. चर कुठे बुजलाय, कुठून उडी कमी आहे, सगळं शेळ्यांनी शोधून ठेवलेलं होतं. मी पुढे, बाई मागे. अवघड जागी मी चराच्या पलीकडून हात द्यायची. आणि मी त्यांना खाली वळवलं नाही, याचं मला पुढच्या चराशीच बरं वाटलं.

माथ्यावर

झाडं संपली, गाडीरस्त्याचं शेवटचं वळण पायाखाली आलं आणि महाल एकदम समोर उभा राहिला. खालून तो ठोकळ्यासारखा दिसतो. जवळून भलताच मोठा आहे. भिंती कोरड्याठाक दगडाच्या, कमानी उंच, नक्षी जवळजवळ नाहीच. आत गार. वाऱ्याला आत शिरायला चहूकडून वाटा होत्या, आणि तो शिरत होता. गाड्यांनी आलेली चार-दोन कुटुंबं फोटो काढत होती. भिंतींवर कोरलेली नावं आणि बदाम. ते आमच्याकडेही आहेत, फक्त फ्रेंच नावांचे.

आम्ही पश्चिमेकडच्या कमानीत बसलो आणि शहर खाली पसरलं.

ल पूसवरून पोर्ट लुई दिसतं ते निळ्या पाण्याला चिकटलेलं. गोदी, बोटी, रेसकोर्सचा हिरवा गोल. दोन मिनिटांत सगळं ओळखू येतं. नगर तसं नाही. सपाट, मातकट पठारावर घरं विखुरलेली, ऊन आणि धुरकं एकमेकांत मिसळलेलं. पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. मग बाईंनी बोटाने दाखवायला सुरुवात केली. तो झाडांचा गोल दिसतोय, तो किल्ला. त्याच्या अलीकडे भिंगार. ती रेल्वे, बघ, गाडी चाललीय. तिकडे एमआयडीसी. आपलं घर त्या टाकीच्या मागे, दिसायचं नाही. शाळाही दिसायची नाही. "मुलींना मी सांगायचे, तुमचं घर शोधा. कुणालाच सापडायचं नाही, पण सगळ्या म्हणायच्या, दिसलं बाई, दिसलं."

आम्ही करंज्या खाल्ल्या, ऊस सोलून खाल्ला. एक माकड बघून गेलं. बाईंनी बूट काढले, पाय लांब केले आणि फोन मागितला. त्यांच्या फोनवर डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून सॅमीला व्हिडिओ कॉल नेहमी माझ्या फोनवरून व्हायचा.

तिकडे संध्याकाळ होती, पण अजून उजेड होता. सॅमी अंगणात होता. मागे खरोखरच उतार दिसत होता आणि लांब खाली पाणी.

"आई, कुठे आहेस तू?"

"चांदबिबीला. चालत आले."

"चालत? कुणी येऊ दिलं तुला?"

"मीच." बाईंनी फोन फिरवून त्याला शहर दाखवलं. त्याने तो पुन्हा एकदा फिरवायला लावला. मग म्हणाला, "पूर्वी एवढं नव्हतं गं. पार भिंगारच्या इकडे आलंय."

"सॅमी, मी येते."

तो आधी ऐकून घेत होता, मग त्याचा चेहरा हलायला लागला. त्याने फोन बाजूला धरला असावा, कारण आम्हाला नुसतं आकाश दिसत होतं. बाईंनी थांबून वाट पाहिली.

"येते, पण घर विकायचं नाही," त्या आकाशाला म्हणाल्या. "तिकडं तुमचा हिवाळा, म्हणजे इथला पावसाळा, चालू असेल तेव्हा मी राहीन, थंडी सोसली तर. मग परत येणार. पुन्हा जाणार. गुडघा आहे तोवर."

"आई, कायमचं म्हणालो होतो मी."

"कायमचं कुणी कुठं असतं का रे? ही पोरगी बघ. हिचे आजेपणजे कायमचे गेले होते." बाईंनी फोन माझ्याकडे वळवला. मी ओशाळून हात हलवला. सॅमी हसला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं." मागून नात ओरडली की आजीने तिचं नवं दप्तर बघायलाच हवं, आत्ताच्या आत्ता, फोन इकडे द्या. बाईंनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. मग दप्तराचे सगळे कप्पे पाहिले.

आगटीपाशी

उतरताना बाईंनी स्वतःहून सडक धरली. "आता परीक्षा झाली," म्हणाल्या. वळणावळणाच्या रस्त्याने उतरायला वेळ लागला, पण चर नव्हते. गुडघा मात्र आता बोलायला लागला होता. शेवटचा भाग त्या माझ्या खांद्यावर भार देऊन चालल्या.

गयाबाई बांधावर होत्या. आगटी पेटवलेली, गोवऱ्यांची, आणि तिच्यात ज्वारीची हिरवी कणसं. "बसा. तुमालाच म्हनून ठिवलाय," त्या म्हणाल्या. हुरडा मी नगरमध्ये एकदाच खाल्ला होता, हॉटेलात, ताटलीत. इथे गयाबाई भाजलेलं कणीस तळहातावर चोळत, फुंकर मारून भुसा उडवत आणि हिरवेगार, गरम दाणे थेट आमच्या ओंजळीत टाकत. सोबत लसणाची चटणी आणि गूळ. हाताला चटके बसत होते आणि हात मागे घ्यावासा वाटत नव्हता. मॉरिशसमध्ये ज्वारी नाही. ही चव मला कुणाला समजावून सांगता येत नाही. ओल्या धान्याची, धुराची आणि किंचित दुधाची असते, एवढंच सांगते.

गयाबाईंनी न विचारता एका फडक्यात गरम राख बांधून बाईंच्या गुडघ्यावर ठेवली. माझ्या साडेपाच वर्षांच्या शिक्षणातही हेच आहे, फक्त नाव संस्कृत आहे. बाई डोळे मिटून बसल्या. ऊन कलायला लागलं होतं. ज्वारीच्या रानात पाखरं उडवायला कुणीतरी लांबवर डबा बडवत होतं.

"गयाबाई, मी परदेशी जाणार आहे," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. सॅमी आणि मी सोडलो तर हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. चर्चमधल्या मैत्रिणींना नाही, कोल्हारच्या भावाला नाही.

"लई लांब का?"

"लई लांब. मुलाकडं."

गयाबाईंनी आगटीतलं कणीस उलटं केलं. "मंग परत कवा येनार?"

बाईंनी डोळे उघडले, ओंजळीतले उरलेले दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "हुरड्याला."

"या की," गयाबाई म्हणाल्या, आणि पुढचं कणीस चोळायला घेतलं.